जेफ्री डाहमरचं बालपण: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

२०२२ मध्ये त्याच्यावरची मालिका आल्यापासून मराठी वाचकांकडून जेफ्री डाहमरबद्दल सतत विचारणा होते. त्याने काय केलं ते बहुतेकांना ठाऊक असतं. पुढचा प्रश्न मात्र ठरलेला: "असा माणूस तयार कसा होतो? घरी काय झालं होतं?" या पानावर त्याच्या जन्मापासून साधारण पंचविशीपर्यंतचा काळ आहे. खुनांची वर्णनं इथे नाहीत आणि ती कुणी मागूही नयेत. ज्यांचे जीव गेले त्यांची कुटुंबं आजही आहेत.

तो कोण होता, थोडक्यात सांगाल का?

१९७८ ते १९९१ या काळात १७ मुलांना आणि तरुणांना ठार मारणारा अमेरिकन. पहिला खून ओहायो राज्यात, बाकीचे विस्कॉन्सिन राज्यातल्या मिलवॉकी शहरात आणि त्याला लागूनच असलेल्या वेस्ट अॅलिसमध्ये. २२ जुलै १९९१ रोजी अटक झाली. १९९२ मध्ये एकापाठोपाठ एक भोगायच्या जन्मठेपा सुनावल्या गेल्या. २८ नोव्हेंबर १९९४ रोजी तुरुंगातच एका सहकैद्याने त्याला मारलं. तेव्हा तो ३४ वर्षांचा होता.

नाव डाहमर की डामर?

अमेरिकेत उच्चार 'डामर'च्या जवळ जाणारा करतात. मराठीत 'डाहमर' रूढ झालंय, म्हणून इथेही तेच.

जन्म कुठला? घरची परिस्थिती कशी होती?

जन्म २१ मे १९६०, मिलवॉकी. वडील लायोनेल तेव्हा मार्क्वेट विद्यापीठात रसायनशास्त्र शिकत होते. आई जॉइस टेलिप्रिंटर यंत्र चालवायला शिकवायची. घरात दारिद्र्य नव्हतं, वडील व्यसनी नव्हते, मारझोडही नव्हती. शिकून वर आलेलं, पगारावर चालणारं मध्यमवर्गीय घर. आपल्याकडे 'चांगल्या घरातला' म्हणतात ना, तसंच.

१९६२ मध्ये वडिलांच्या पीएच.डी.साठी कुटुंब आयोवा राज्यातल्या एम्स या गावी गेलं. १९६६ मध्ये पदवी मिळाली, ओहायोत अॅक्रनला रसायनतज्ज्ञाची नोकरी लागली आणि बिऱ्हाड डॉइल्सटाउनला हललं. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये धाकटा भाऊ झाला. बाळाचं नाव ठेवायचा मान आईवडिलांनी सहा वर्षांच्या जेफ्रीला दिला होता. पुढे बार्बरटन, आणि १९६८ मध्ये बाथ टाउनशिप. म्हणजे आठ वर्षांचा होईपर्यंत त्या मुलाने पाच गावं पाहिली होती.

आईला मानसिक आजार होता, हे खरं का?

तिची तब्येत आणि मन दोन्ही अस्थिर असायचं, हे खरं. नैराश्य होतं, सतत काहीतरी दुखणं मागे लागलेलं असायचं, दिवसचे दिवस ती अंथरुणात काढायची. इक्वानिल नावाचं शामक औषध चालू होतं. त्याच्याच गोळ्या खाऊन तिने एकदा जीव द्यायचा प्रयत्नही केला होता. गरोदरपणात तिला फार त्रास झाला आणि बरीच औषधं घ्यावी लागली, असं लायोनेल यांनी १९९४ मध्ये आलेल्या आपल्या पुस्तकात लिहिलं आहे.

इथे थोडं थांबायला हवं. ही हकिकत मुख्यतः नवऱ्याच्या तोंडून आलेली आहे, तीही घटस्फोटाला पंधरा वर्षं उलटल्यावर. गरोदरपणातल्या औषधांमुळे मुलगा असा झाला, याला कसलाही वैद्यकीय पुरावा नाही. तरीही असं काही घडलं की पहिलं बोट आईकडे जातं. अमेरिकेतही तेच झालं. हीच जॉइस पुढे कॅलिफोर्नियातल्या फ्रेस्नो शहरात एचआयव्ही आणि एड्सच्या रुग्णांसाठी काम करत राहिली. ज्या काळात अशा रुग्णांना हात लावायला लोक घाबरत होते, त्या काळात. २००० साली कर्करोगाने ती गेली. तिच्याबद्दल बोलताना हेही सांगितलं जावं, असं मला मनापासून वाटतं.

आणि वडील?

लायोनेल घरी कमी आणि प्रयोगशाळेत जास्त असायचे. आयोवातली ती वर्षं तर पीएच.डी.च्या कामातच गेली. मुलावर प्रेम होतं, पण मुलाच्या मनात काय चाललंय ते विचारायची भाषा त्यांच्याकडे नव्हती. हे मी नाही म्हणत, त्यांनी स्वतःच लिहून ठेवलंय.

त्यांच्या पुस्तकात एका बापाने स्वतःवर भरलेला खटला आहे. आपणही लहानपणी बुजरे होतो, एकलकोंडे होतो, रसायनं मिसळून बॉम्ब बनवायचो, आपण कुणाचा तरी खून केलाय अशा भासाने झोपेतून दचकून उठायचो, हे सगळं ते मोकळेपणाने सांगतात. आणि मग विचारतात: हे माझ्याकडून त्याच्यात उतरलं का? अशा मुलाचा बाप आपली सुटका करून घेताना दिसणं सोपं होतं. लायोनेल यांनी तसं केलं नाही. ते मुलाला तुरुंगात भेटायला जात राहिले, आडनावही बदललं नाही. डिसेंबर २०२३ मध्ये ते वारले.

लहानपणी तो कसा होता? सुरुवातीपासूनच विचित्र?

नाही. घरच्यांच्या आठवणीतला लहानगा जेफ्री हसरा, खेळकर, प्राण्यांचा लळा असलेला होता. फ्रिस्की नावाची कुत्री त्याची लाडकी.

लायोनेल यांनी सांगितलेली एक आठवण माझ्या डोक्यातून जात नाही. आयोवात असताना बापलेकांना घरट्यातून पडलेलं एक पाखरू सापडलं. त्यांनी ते घरी आणलं, बाटलीने भरवलं, मोठं केलं आणि एक दिवस आकाशात सोडून दिलं. पाखरू उडालं तेव्हा पोराचे डोळे विस्फारले होते. त्याच्या आयुष्यातला सगळ्यात आनंदाचा क्षण कदाचित तोच असेल, असं वडील लिहितात. १७ खुनांच्या बातम्या वाचून कुणी या आठवणीपाशी आलं, की तिचं काय करायचं ते कळत नाही. मलाही कळलेलं नाही. पण ती वगळून त्याचं बालपण सांगणं खोटं ठरेल.

चौथ्या वर्षी झालेल्या ऑपरेशनने तो बदलला, असं वाचलं. खरं काय?

१९६४ च्या मार्चमध्ये, चौथा वाढदिवस जवळ आला असताना, त्याच्यावर दोन्ही बाजूंच्या हर्नियाची शस्त्रक्रिया झाली. भरपूर दुखलं. त्यानंतर तो घुमा झाला, पूर्वीसारखा खेळेनासा झाला, हे घरच्यांचं निरीक्षण आहे आणि त्यावर शंका घ्यायचं कारण नाही. एवढ्याशा पोराला आपल्याला इस्पितळात का नेलं, कुणी कापलं, का कापलं, हे काहीच उमगत नाही. त्या काळी कुणी समजावूनही सांगत नसे.

पण हर्नियाचं ऑपरेशन लाखो मुलांचं होतं. कारण म्हणून ते टिकत नाही. 'इथून तो गप्प होऊ लागला' अशी खूण म्हणून ते लक्षात ठेवावं.

हाडांचं वेड कधीपासून?

साधारण त्याच वयापासून. घराच्या तळाशी मेलेल्या छोट्या प्राण्यांची हाडं लायोनेल यांनी एकदा बाहेर काढली. बादलीत पडताना त्यांचा होणारा खुळखुळ आवाज जेफ्रीला फार आवडला. पोरगं मूठ भरून हाडं उचलायचं आणि खाली सोडायचं. त्यांना त्याने खेळण्यातल्या काड्यांसारखं एक नावही दिलं होतं. वडिलांनी तेव्हा ते हसण्यावारी नेलं. तसं कुणीही नेलं असतं.

पुढे बाथला राहायला गेल्यावर घराभोवती रान होतं. तिथे तो किडे आणि छोटे प्राणी बरण्यांत साठवू लागला. मग रस्त्यावर गाडीखाली मेलेले प्राणी उचलून आणून आतून कसे असतात ते पाहू लागला. एकदा जेवताना ताटात कोंबडी होती. त्याने वडिलांना विचारलं, ही हाडं ब्लीचमध्ये टाकली तर काय होईल? एरवी तोंड न उघडणारं पोर विज्ञानाचा प्रश्न विचारतंय म्हणून रसायनतज्ज्ञ बाप खूश झाला आणि हाडं स्वच्छ कशी करायची, टिकवायची कशी, ते त्यांनी दाखवून दिलं.

नंतर काय झालं हे माहीत असल्यामुळे हा प्रसंग वाचताना अंगावर काटा येतो. पण त्या दिवशी त्या जेवणाच्या टेबलाशी बसलेल्या माणसाला काय दिसत होतं? आपल्यासारखाच जिज्ञासू होऊ पाहणारा मुलगा. नंतरच्या बातमीच्या उजेडात आधीच्या दिवसांचा न्याय करणं हा बापावर अन्याय आहे.

तो प्राण्यांना छळायचा का?

त्याच्या स्वतःच्या सांगण्यानुसार तो मेलेले प्राणी उचलायचा. जिवंत प्राण्यांना हाल करून मारणं हा त्याचा छंद असल्याचं दिसत नाही. लहानपणच्या दोन गोष्टी मात्र सांगायला हव्यात. शाळेतल्या एका बाईंना त्याने मोठ्या मायेने बेडकाची पिल्लं भेट दिली होती. बाईंनी ती दुसऱ्या मुलाला देऊन टाकल्याचं कळल्यावर तो त्या मुलाच्या घरी गेला आणि त्या पाण्यात मोटरचं ऑइल ओतलं. दुसरी गोष्ट १९७५ ची. मेलेल्या कुत्र्याचं मुंडकं त्याने घरामागच्या रानात खांबावर लावलं आणि गंमत म्हणून ते एका मित्राला दाखवायला नेलं.

पहिल्या गोष्टीत मला राग आणि दुखावलेपण दिसतं. दुसरीत मात्र काहीतरी फारच बिघडलंय. मधल्या आठनऊ वर्षांत कुणी नीट लक्ष देऊन पाहायला हवं होतं.

अंथरुण ओलं करणं, आग लावणं, प्राण्यांना छळणं: ही तीन लक्षणं खुन्याची म्हणतात. त्याच्यात होती का?

ही कल्पना मॅकडोनाल्ड नावाच्या मनोविकारतज्ज्ञाने १९६३ मध्ये मांडली. नंतरच्या संशोधनात ती भविष्य सांगण्याइतकी खरी ठरली नाही. जेफ्रीच्या बाबतीत तर ती धड बसतही नाही. घरातलं एखादं मूल अंथरुण ओलं करत असेल तर कृपा करून त्याचा संबंध इथे जोडू नका. त्या मुलाला डॉक्टर लागतो, धीर लागतो.

लहानपणी त्याचं लैंगिक शोषण झालं होतं का?

आठ वर्षांचा असताना शेजारच्या एका मुलाने त्रास दिला असावा, अशी शक्यता वडिलांच्या बोलण्यातून अटकेनंतर पुढे आली होती. जेफ्रीने ती स्वतः नाकारली. घरात मारहाण किंवा शोषण झाल्याचंही त्याने कायम नाकारलं. १९९४ च्या दूरचित्रवाणी मुलाखतीत, वडील शेजारी बसलेले असताना, त्याने स्पष्ट सांगितलं की आईवडिलांना दोष देणं चूक आहे. एका कैद्याचं बोलणं कितपत मानायचं, हा प्रश्न रास्त आहे. पण दोष दुसऱ्यावर ढकलण्यात त्याचा फायदाच होता, आणि त्याने तो घेतला नाही.

मग घरात बिनसलं होतं तरी काय?

भांडणं. आईवडिलांचं एकमेकांशी पटत नव्हतं आणि ते मुलांसमोर व्हायचं. आवाज चढले की जेफ्री बाहेर पडायचा आणि रानात जाऊन झाडांवर काठी आपटत राहायचा. भाऊ जन्मला तेव्हा हा पहिलीत होता. याच्याकडे घरी दुर्लक्ष होतंय असं वाटतं, असं त्याच्या बाईंनी लिहून कळवलंही होतं. आईच्या आजारपणामुळे असेल, असा त्यांचा अंदाज होता. एका शिक्षिकेला एका वर्षात जे दिसलं त्याचं पुढे काहीच झालं नाही.

मारहाण दिसते, वळ उठतात. रिकामं घर दिसत नाही. पोराला दोन वेळचं मिळतंय, अंगावर चांगले कपडे आहेत, मार्क बरे आहेत, मग चिंता कसली, असं जग म्हणतं.

शाळेत कसा होता? मित्र होते का?

बाथच्या रेव्हिअर हायस्कूलमध्ये तो १९७४ ते १९७८ या काळात शिकला. बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायचा, काही काळ टेनिस खेळला. अगदीच एकटा होता असं नाही, पण त्याची ओळख होती ती विदूषकाची. झटका आल्यासारखं करायचं, मेंढरासारखं ओरडायचं, दुकानात मुद्दाम वस्तू पाडायच्या. वर्गातल्या पोरांनी या प्रकाराला त्याचंच नाव दिलं होतं. काही पोरं त्याच्याकडून असं करून घ्यायची आणि हसायची. हुशार विद्यार्थ्यांच्या सामूहिक फोटोत तो स्वतःच जाऊन उभा राहिला होता, वार्षिक अंकात छापताना त्याचा चेहरा काळा करावा लागला. वॉशिंग्टनच्या सहलीत त्याने फोन फिरवून उपराष्ट्राध्यक्षांच्या कार्यालयात प्रवेश मिळवला, सगळ्यांना आत नेलं. पोरं खूश.

त्या वेळचा एक वर्गमित्र पुढे व्यंगचित्रकार झाला आणि त्याने या दिवसांवर चित्रकादंबरी काढली. तिचा रोख आपल्या मित्रावर कमी आणि शाळेतल्या मोठ्या माणसांवर जास्त आहे: एवढं सगळं डोळ्यांदेखत चाललं होतं, तुम्ही होतात कुठे?

दारू कधी सुरू झाली?

चौदाव्या वर्षी. या पानावरचा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न माझ्या लेखी हाच आहे, म्हणून थोडं सविस्तर सांगते.

तो जॅकेटमध्ये दारू लपवून शाळेत न्यायचा. चोरूनमारून शनिवारी नव्हे, तर सकाळी, भर तासाला. वर्गात पेल्यातून पिताना पाहून एका वर्गमित्राने विचारलं, हे काय? तो म्हणाला, माझं औषध. हे उत्तर वाचलं तेव्हा मी बराच वेळ पुढे वाचू शकले नाही. त्या एका शब्दात त्याने खरं सांगून टाकलं होतं. कसलं दुखणं होतं ते विचारायला कुणी आलं नाही.

दुखणं काय होतं ते त्याने अटकेनंतर सांगितलं. तेराचौदाच्या सुमारास आपल्याला मुलगे आवडतात हे त्याला कळलं. १९७० च्या दशकातलं ओहायोतलं गाव, घरात कुणाला सांगायची सोय नाही. पण मामला तिथेच थांबत नव्हता. त्याच्या कल्पनांमध्ये ताबा, हालचाल न करणारं शरीर आणि हाडामांसाचं कुतूहल हे सगळं एकात एक गुंतत चाललं होतं. घराजवळून धावायला जाणाऱ्या एका माणसावर हल्ला करायचा बेत त्याने सोळाच्या आसपास आखला. बेसबॉलची बॅट घेऊन झुडपात दबा धरून बसला. तो माणूस त्या दिवशी आलाच नाही.

शाळेत दारूचा वास यायचा, वर्गमित्रांना माहीत होतं, शिक्षकांनाही पुसटशी कल्पना असणारच. आपल्याला पत्ता नव्हता, असं वडील लिहितात. चौदा वर्षांचं पोर सकाळी आठला पितंय, याला खोडी म्हणत नाहीत. पुढे खटल्यात सरकारी बाजूचे मनोविकारतज्ज्ञ पार्क डिट्झ यांनीही दारूवर बोट ठेवलं. त्यांचं म्हणणं होतं की खून करताना मनातली किळस आणि संकोच दाबायला त्याला दारू लागायची. म्हणजे आतून अडवणारं काहीतरी होतं. ते बुडवायचं साधन त्याला शाळेतच सापडलं होतं.

तो समलिंगी होता, म्हणून असा झाला का?

नाही. हे अगदी ठामपणे सांगते. समलिंगी असणं हा ना आजार आहे ना गुन्ह्याचं कारण. उलट या प्रकरणात समलिंगी तरुण बळी होते, त्यातले बहुतेक कृष्णवर्णीय. त्यांच्या बेपत्ता होण्याची तक्रार पोलिसांनी मनावर घेतली नाही. मे १९९१ मध्ये १४ वर्षांचा एक जखमी मुलगा त्याच्या तावडीतून निसटून रस्त्यावर आला होता. शेजारच्या बायका पोलिसांना कळवळून सांगत होत्या की हा लहान मुलगा आहे. पोलिसांनी 'प्रेमी जोडप्याचं भांडण' समजून त्याला परत डाहमरच्या हवाली केलं. ग्लेंडा क्लीव्हलँड या शेजारणीने नंतरही पुन्हा पुन्हा फोन केले. तिचं ऐकलं असतं तर तो मुलगा आणि त्याच्यानंतरचे चौघे वाचले असते.

१९७८ च्या उन्हाळ्यात नेमकं काय घडलं?

त्याआधीच लायोनेल घर सोडून मोटेलमध्ये राहायला गेले होते. घटस्फोटाचा दावा, धाकट्याचा ताबा कुणाकडे यावरून कडवट वाद. धाकट्याचा ताबा, लक्षात घ्या. जेफ्री अठराचा होत होता, कायद्याने सज्ञान, त्यामुळे त्याच्यासाठी भांडायची गरज कुणाला पडली नाही. त्याची हायस्कूलची पदवी झाली आणि आई धाकट्याला घेऊन विस्कॉन्सिनमधल्या चिपेवा फॉल्सला निघून गेली. वडिलांना न सांगता. त्या मोठ्या, झाडीतल्या घरात जेफ्री एकटा उरला.

पदवी समारंभाला तीनच आठवडे झाले होते. १८ जून १९७८. रस्त्यावर अंगठा दाखवून लिफ्ट मागणारा स्टीव्हन हिक्स नावाचा १८ वर्षांचा तरुण, चिपेवा लेक पार्कला गाण्यांच्या कार्यक्रमाला निघाला होता. जेफ्रीने त्याला बिअर प्यायला घरी नेलं. काही तासांनी तो निघतो म्हणाला. त्याने जाऊ नये म्हणून जेफ्रीने त्याला मारलं.

त्यानंतर एका पहाटे तीनच्या सुमारास पुरावे पिशव्यांत भरून तो गाडीने चालला होता. गाडी मधली रेषा ओलांडून गेली म्हणून पोलिसांनी अडवलं. दारू प्यालाय का ते तपासलं. मागच्या पिशव्यांना वास कसला, विचारलं. कचरा आहे, टाकायचा राहिला होता, आईवडिलांचा घटस्फोट होतोय, झोप येत नव्हती म्हणून निघालो, असं त्याने सांगितलं. पोलिसांनी दंडाची पावती फाडली आणि सोडलं.

स्टीव्हनच्या आईवडिलांना आपल्या मुलाचं काय झालं हे कळायला १३ वर्षं लागली. १९९१ मध्ये पोलिसांनी त्या घराभोवतीची माती चाळली तेव्हा त्यातून हाडांचे शेकडो तुकडे निघाले.

म्हणजे आईवडिलांनी सोडलं म्हणून त्याने खून केला?

असं म्हणता येणार नाही. बॅट घेऊन झुडपात बसला होता तेव्हा आईवडील घरातच होते. आणि सोडून दिलेली पोरं जगभर आहेत, ती खून करत नाहीत. 'जाऊ नकोस' ही भावना त्याच्या पहिल्या आणि नंतरच्याही गुन्ह्यांत दिसते, हे खरं आहे. पण ती त्याच्या मनात आधीपासून शिजत असलेल्या गोष्टीला येऊन मिळाली. एकटं घर, हातात गाडी, कपाटात दारू, विचारणारं कुणी नाही. संधी अशी जुळून आली.

पुढे कॉलेज, सैन्य याचं काय?

वडील दीडेक महिन्याने परतले तेव्हा घरात फ्रिज बिघडलेला आणि मुलगा एकटा. लायोनेल आणि त्यांची होणारी पत्नी शारी यांनी त्याला ओहायो स्टेट विद्यापीठात घातलं. एका सत्रात बाजार उठला. लायोनेल अचानक भेटायला गेले तर खोलीत रिकाम्या बाटल्याच बाटल्या. जानेवारी १९७९ मध्ये त्याला सैन्यात भरती केलं. टेक्सासमधल्या सॅन अँटोनिओत वैद्यकीय सहायकाचं प्रशिक्षण झालं आणि त्याच जुलैत त्याला पश्चिम जर्मनीतल्या बाउमहोल्डरच्या तळावर पाठवलं. सुरुवातीला बरा होता. नंतर पुन्हा दारू, आणि १९८१ च्या मार्चमध्ये मुदतीआधी सैन्यातून मोकळं केलं. कामगिरीवर डाग न लावता, सन्मानाने. व्यसनावरच्या उपचारांचं काय?

वडिलांकडे तोंड दाखवायची लाज वाटत होती, म्हणून तो मायामी बीचला गेला, तिथल्या एका खाद्यपदार्थांच्या दुकानात कामाला लागला. भाड्याचे पैसे दारूत गेले. सप्टेंबरमध्ये घरी परतला.

आजीकडे का पाठवलं?

वडिलांना वाटलं, आजीच्या मायेने सुधारेल. मिलवॉकीजवळच्या वेस्ट अॅलिसमधल्या कॅथरीन आजीवर त्याचा खरोखर जीव होता. तो तिच्यासोबत चर्चला जायचा, घरकामात मदत करायचा, नोकरीही शोधली. काही महिने प्लाझ्मा केंद्रात रक्त काढायचं काम केलं. १९८५ च्या जानेवारीत चॉकलेटच्या कारखान्यात रात्रपाळीला लागला.

पण याच काळात सार्वजनिक ठिकाणी अश्लील वर्तनासाठी त्याला दोनदा अटक झाली. त्याच्या कपाटात आजीला दुकानातला पुरुषाचा पुतळा सापडला. विचारल्यावर त्याने काहीतरी सांगून वेळ मारून नेली. पुन्हा तेच: कुणालातरी काहीतरी दिसतं, तो एक वाक्य बोलतो, आणि विषय संपतो. पहिल्या खुनानंतर नऊ वर्षं काही घडलं नव्हतं. दुसरा नोव्हेंबर १९८७ मध्ये झाला.

घरच्यांनी कधीच काही केलं नाही का?

केलं. १९८९ मध्ये १३ वर्षांच्या मुलाच्या लैंगिक अत्याचाराबद्दल त्याला शिक्षा झाली: पाच वर्षं प्रोबेशन (म्हणजे बाहेर, पण देखरेखीखाली) आणि एक वर्ष सुधारगृह, तेही दिवसा कारखान्यात कामावर जायची मुभा ठेवून. मुदतीआधी सुटका होणार असं कळल्यावर लायोनेल यांनी न्यायाधीशांना पत्र लिहिलं, की दारूवर उपचार झाल्याशिवाय माझ्या मुलाला सोडू नका. स्वतःच्या पोराला आत ठेवा, अशी विनंती बापाने करावी. मार्च १९९० मध्ये त्याला सोडण्यात आलं. त्यानंतर बारा जण मारले गेले.

तो वेडा होता का? न्यायालयाने काय ठरवलं?

फेब्रुवारी १९९२ मध्ये मिलवॉकीच्या ज्यूरीने १० विरुद्ध २ मतांनी तो कायद्याच्या दृष्टीने शहाणा असल्याचं ठरवलं. व्यक्तिमत्त्वाचे विकार आणि प्रेताबद्दलची लैंगिक ओढ यांबद्दल तज्ज्ञ बोलले. त्याचा वकीलही हे नाकारत नव्हता. वाद एवढाच होता की आपण काय करतोय ते त्याला कळत होतं का आणि थांबणं त्याच्या हाती होतं का. पुरावे लपवणं, पोलिसांशी शांतपणे बोलणं, आजीला फसवणं हे सगळं ज्यूरीसमोर होतं.

धाकटा भाऊही त्याच घरात वाढला ना? त्याचं काय?

हो. तीच आई, तेच वडील, तीच भांडणं, तेच रान. त्याने कुणाला इजा केली नाही. मोठा झाल्यावर नाव बदललं आणि प्रसिद्धीपासून दूर राहिला. म्हणून इथे त्याचं नाव घेतलेलं नाही, आणि त्याला शोधत बसू नका, ही विनंती. 'घरामुळेच झालं' म्हणणाऱ्यांनी या भावाचा विचार जरूर करावा.

त्याच्या मेंदूत काही दोष होता का? तपासलं होतं?

१९९४ मध्ये तो गेल्यावर मेंदू जपून ठेवला होता. जॉइसला वाटत होतं की शास्त्रज्ञांनी तो अभ्यासावा, निदान काही कारण तरी कळेल. लायोनेल म्हणत होते की आपल्या देहाचं दहन व्हावं अशी मुलाची इच्छा होती, ती पाळली जावी. सतरा वर्षांपूर्वी धाकट्याच्या ताब्यासाठी न्यायालयात भांडलेले हे दोघे आता थोरल्याच्या मेंदूसाठी पुन्हा न्यायालयात उभे राहिले. डिसेंबर १९९५ मध्ये न्यायाधीशांनी वडिलांच्या बाजूने निकाल दिला आणि मेंदूचं दहन करण्यात आलं. देहाची राख आधीच दोघांत अर्धीअर्धी वाटली गेली होती.